कारण सापडेपर्यंत

सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी दोघे इमारतीच्या फाटकाशी भेटले. इमारत आठ मजल्यांची, लिफ्ट एकच, आणि तीही त्या दोघांच्या नोकरीपेक्षा वयाने मोठी. भिंगरीने केबिन दुसऱ्या मजल्यावर पाठवून थांबवली, तळमजल्याच्या दारासमोर ‘दुरुस्ती चालू आहे’ असा पिवळा बोर्ड उभा केला आणि हत्यारांची पेटी उघडून पाने आकाराप्रमाणे मांडून घेतले. दोन्ही वॉकीटॉक्यांच्या बॅटऱ्या त्याने तपासल्या. भाऊजींनी त्यातली एक उचलली आणि ते जिन्याने गच्चीवरच्या मशीनरूमकडे निघाले.

काम अर्ध्या तासाचे होते. लिफ्ट ज्या उभ्या पोकळीतून वर-खाली होते, त्या शाफ्टच्या तळाशी जो खड्डा असतो, त्यात लिफ्ट थांबवण्याचे एक लाल बटण असते. या लिफ्टचे बटण गंजून निकामी झाले होते, तेच बदलायचे होते. एरवी खड्ड्यात उतरणारा माणूस आधी हे बटण दाबतो आणि मग निर्धास्तपणे काम करतो. आज त्या बटणाचाच भरवसा नव्हता, तेव्हा सगळी मदार वरच्या मेन स्विचवर होती. नियमाप्रमाणे खाली उतरणाऱ्याने स्वतः वर जाऊन मेनला कुलूप घालायचे आणि किल्ली खिशात ठेवायची. पण ज्या जोड्या वर्षानुवर्षे एकत्र काम करतात, त्या आठ मजले चढत बसत नाहीत. त्या आवाजावर काम करतात. खालचा सांगतो, वरचा ते शब्दशः परत बोलतो, मग करतो आणि मग केले म्हणून सांगतो.

भिंगरी आणि भाऊजी अकरा वर्षे असेच काम करत आले होते. भाऊजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नोकरीला त्यांनीच त्याला लावले, कामही त्यांनीच शिकवले. भिंगरी हे नाव ताईने लहानपणी ठेवलेले. कामाच्या ठिकाणी ते भाऊजींनीच आणले आणि मग ते कायमचे चिकटले.

“मेन बंद करा,” खड्ड्याच्या काठावरून भिंगरी म्हणाला.

पूर्वी या वाक्याला हमखास शेपूट लागून उत्तर यायचे. “मेन बंद करतो. मेहुणे, तुमचं तोंडही बंद ठेवाल तर काम दुपारच्या आत उरकेल.” किंवा, “बंद करतो, पण तुमच्या ताईचा मेन कुठे असतो ते एकदा सांगून ठेवा.” इमारतीचे रखवालदारसुद्धा हे ऐकायला जवळ येऊन उभे राहत. गेल्या चार महिन्यांत शेपूट गळून पडले होते. मग शब्दही तुटक झाले.

“बंद,” वॉकीटॉकी म्हणाली.

भिंगरी शिडीने खाली उतरला. वरून कोणी पडू नये म्हणून दार त्याने आतून ओढून घेतले, टॉर्च दातांत धरली आणि जुन्या बटणाचे झाकण उघडले. सवयीने त्याने तारेला टेस्टर टेकवला.

टेस्टरचा दिवा पेटला.

तो क्षणभर नुसता पाहत राहिला. मग डोक्यावर दोरांना हिसका बसला आणि केबिनचा काळा तळ हलला.

बोर्ड वाचूनही बटण दाबून पाहणारी माणसे प्रत्येक इमारतीत असतात. तशाच कोणीतरी तळमजल्यावरून लिफ्ट बोलावली होती. दुसऱ्या मजल्यावरून खाली यायला त्या लिफ्टला नऊ सेकंद लागत. दाराचे कुलूप शिडीच्या वरच्या टोकाशी. तिथवर पोचून ते उघडण्याइतका वेळ नव्हता. ओरडून उपयोग नव्हता. त्याने शिडी भिंतीला आडवी टाकली आणि कोपऱ्यात, तेलाच्या थारोळ्यात, गुडघे पोटाशी घेऊन अंग आवळले. तळ खाली आला, आला, आणि त्याच्या खांद्याच्या वर हातभर अंतरावर थांबला. वर दार उघडल्याचा आवाज झाला.

“बघा, चालू आहे की लिफ्ट,” एका बाईचा आवाज आला. “उगाच बोर्ड लावून ठेवतात मेले.”

दार लागले. केबिन वर निघून गेली.

भिंगरीने वॉकीटॉकी तोंडाशी धरली. आवाज त्याने जाणूनबुजून साधा ठेवला. “भाऊजी, मेन?”

बराच वेळ काही आले नाही. मग, “बंद आहे.”

तो बाहेर आला आणि आठ मजले जिन्याने चढून गेला. मशीनरूममध्ये भाऊजी पत्र्याच्या डब्यावर बसले होते. मेन स्विच त्यांच्यापासून वीतभर अंतरावर होता आणि त्याचा दांडा वर होता, म्हणजे चालू. दोन हातांवर, लिफ्ट हलली की फिरणारे यंत्राचे मोठे चाक होते. एवढ्या जवळ बसून ते फिरताना दिसले नसेल, असे म्हणायला जागा नव्हती.

भिंगरीने दांडा खाली ओढला. “भाऊजी, मी खाली होतो.”

त्यांनी त्याच्या तेलाने माखलेल्या शर्टाकडे पाहिले. चेहऱ्याचा रंग हळूहळू उतरत गेला. “लक्ष नव्हतं रे,” ते म्हणाले. “मी बंद म्हणालो ना? मला वाटलं, केलं.”

“केबिन डोक्यावर आली होती.”

“लक्ष नव्हतं.”

काम त्या दिवशी भिंगरीने एकट्याने पुरे केले. मेनला स्वतः कुलूप घालून आणि किल्ली खिशात टाकून. दुपारी गच्चीच्या पायरीवर डबे उघडले, तेव्हा भाऊजींनी आपला उघडला आणि तसाच झाकला.

“मॅडमना सांगणार आहेस?” त्यांनी विचारले. मॅडम म्हणजे सर्व्हिस ऑफिसच्या पर्यवेक्षक.

“सांगायला हवं.”

“शाफ्टमधून काढतील. सुट्या भागांच्या गोदामात बसवतील, नाहीतर घरी.” ते समोरच्या पाण्याच्या टाकीकडे पाहत बोलत होते. “सव्वीस वर्षं झाली. सकाळी अंथरुणातून उठायला मला आता एवढं एकच निमित्त उरलंय. ते काढून घेऊ नकोस. थोडे दिवस दे.”

इतकी सलग वाक्ये ते महिन्याभरात बोलले नव्हते. भिंगरीच्या तोंडून “बरं” निघून गेले, आणि निघताक्षणी त्याला ते परत गिळावेसे वाटले.

*

भाऊजी असे का झाले, याचे कारण शोधण्याचे काम भिंगरीने चार महिन्यांपूर्वीच हाती घेतले होते. त्यांच्या धंद्यात कारणाला फार मान असतो. लिफ्ट बिघडली की नुसती चालू करून देऊन भागत नाही. ती का बिघडली हे लिहावे लागते. आणि ते शोधताना एका वेळी एकच भाग बदलायचा, ही भाऊजींचीच शिकवण होती. दोन भाग एकदम बदलले आणि लिफ्ट चालू झाली, तर दोष कशात होता हे जन्मात कळत नाही.

भिंगरीने हीच रीत भाऊजींना लावली. खिशातल्या वहीत त्याने संभाव्य कारणे लिहिली. पहिले कारण, रात्रपाळी. त्याने मॅडमना गळ घालून दोघांची पाळी दिवसाची करून घेतली आणि पंधरा दिवस वाट पाहिली. फरक पडला नाही; त्याने काट मारली. दुसरे, मुलगा शिकायला परगावी गेला आणि घर रिकामे झाले. त्याने भाच्याला फोन करून चार दिवस घरी बोलावले. भाऊजी मुलाशी हसून बोलले, तो जाताच भिंतीकडे तोंड करून झोपले. काट. तिसरे, पर्यवेक्षकाची जागा. ती भाऊजींना मिळेल असे सगळे धरून चालले होते, आणि ती मॅडमना मिळाली. चौथे, भाऊजींची आई गेल्या वर्षी गेली. तेव्हा ते रडले नव्हते. पाचवे, रक्तदाबाची नवी गोळी, जी याच सुमारास सुरू झाली होती. सहावे कारण त्याने लिहून खोडले आणि पुन्हा लिहिले: भाऊजींचे वडील. म्हातारपणी तीन वर्षे ते खिडकीत बसून होते. कोणी त्यांना आळशी म्हणत, कोणी तिरसट. आजारी कोणीच म्हणाले नाही.

ऑफिसातल्या लोकांकडेही कारणांचा तुटवडा नव्हता. एक म्हणे, वय झालं. दुसरा म्हणे, घरी काही बिनसलं असणार. तिसऱ्याने छातीठोकपणे सांगितले की माणसाला काम कमी पडलं की असले चोचले सुचतात. त्या दिवशी भाऊजींनी सलग बारा तास काम केले होते.

*

संध्याकाळी भिंगरी ताईकडे गेला. भाऊजी आतल्या खोलीत पडून होते. दार लोटलेले होते. ताई इस्त्री करत होती. तिने त्याचा शर्ट पाहिला.

“कुठे लोळून आलास?”

त्याने सांगितले. हळू आवाजात, सगळे. ताईने इस्त्री उभी करून ठेवली, प्लग काढला आणि खुर्चीवर बसली.

“लागलं नाही ना तुला?”

“नाही.”

“खरं सांग.”

“नाही गं. पण ताई, मला वाटतं ती गोळी असावी. उद्या त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे जाऊन फक्त गोळी बदलून घेऊ. मग पंधरा दिवस बघू. बाकी काही बदलायचं नाही, नाहीतर…” त्याने वही काढली.

ताईने वहीकडे पाहिले. “यात माझं नाव कितवं आहे?”

“तुझं कशाला असेल?”

“नाही? मग वही अपुरी आहे तुझी. मी तर रोज स्वतःला पहिल्या नंबरावर धरते.” ती हसल्यासारखी झाली, ते हसू पाहवत नव्हते. “मी जास्त बोलते म्हणून असेल. बोलत नाही म्हणून असेल. सासूबाईंच्या शेवटच्या दिवसांत मी दोनदा चिडले होते, त्याचं असेल. परवा यांच्या बहिणीने फोन करून विचारलं, ‘वहिनी, तुमचं काही वाजलं का?’ बँकेतली मैत्रीण म्हणते, जरा नीटनेटकी राहत जा. कारण शोधता शोधता तुम्ही सगळे गुन्हेगार शोधायला लागलात, भिंगऱ्या. आणि तो यांना सापडलाय. स्वतःच. आठ दिवस अंघोळ न करता माणूस म्हणतो, माझ्यामुळे तुम्हाला ताप होतोय.”

आतल्या खोलीत पलंग करकरला. दोघे थांबले. आवाज पुन्हा आला नाही.

“कारण कळल्याशिवाय इलाज कसा करणार?” भिंगरी म्हणाला. त्याच्या आवाजात थोडी चीड होती, कारण चार महिन्यांची मेहनत त्या वहीत होती.

“मला तुमच्यातलं कळत नाही. पण मला एक सांग. लिफ्ट बिघडली की तुम्ही सगळ्यात आधी काय करता?”

“आधी बंद करतो.”

“कारण कळायच्या आधी?”

“अर्थात. बंद करायची, बोर्ड लावायचा, आत कोणी अडकलंय का बघायचं. कारण मग, सावकाश. बिघडलेली लिफ्ट चालू ठेवून कोणी…”

तो मध्येच थांबला. ताईने वाक्य पुरे केले नाही. तिने इस्त्री केलेले कपडे उचलले आणि कपाटात एकेक करून ठेवू लागली. पाठ त्याच्याकडे होती.

“त्यांनी थोडे दिवस मागितलेत,” शेवटी तो म्हणाला. “मी बरं म्हणालो.”

“मी ऑफिसात कळवलं तर लोक म्हणतील, बायकोची कटकट. तू कळवलंस तर ते तुझ्याशी बोलायचे नाहीत. कदाचित जन्मभर.” ती वळली. “मी तुला कर असंही म्हणत नाही आणि करू नको असंही. पण आज खड्ड्यात तू होतास. उद्या तू वर असशील आणि खाली ते.”

*

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला भिंगरी पुन्हा ताईच्या दारात उभा होता. रात्रभर त्याने वाक्ये जुळवली होती; त्यांतले एकही आता आठवेना. भाऊजी स्वयंपाकघराच्या टेबलाशी कामाचे बूट घालून बसले होते. नाडी बांधायची राहिली होती. चहाच्या कपावर साय धरली होती.

“आज इकडे कसा?” ते म्हणाले. “फाटकाशी भेटायचं ना?”

“आज मी तुमच्याबरोबर शाफ्टमध्ये उतरणार नाही, भाऊजी. तुम्हालाही उतरू देणार नाही.”

ताई शेगडीपाशी होती. तिने गॅस बंद केला.

“एका चुकीसाठी?” भाऊजींनी मान वर केली. “अकरा वर्षांत एक चूक झाली माझ्याकडून. तुझ्या मी किती निस्तरल्या ते मोजायचं का?”

“मोजा. मीच मोजून देतो. सतरा तरी निघतील.”

“मग?”

“त्या मी केल्या तेव्हा तुम्ही मला खाली बसवून विचारायचात, काय झालं म्हणून. मी चार महिने तुम्हाला एकदाही विचारलं नाही. इकडे-तिकडे सगळ्यांना विचारत फिरलो.” त्याने खुर्ची ओढली आणि समोर बसला. “आता विचारतो. काल काय झालं?”

“सांगितलं ना. लक्ष नव्हतं.”

“चाक तुमच्यासमोर फिरलं.”

भाऊजींचा जबडा आवळला. “काय ऐकायचंय तुला? मेहुण्याला मारायला निघालो होतो, असं?”

“नाही.”

“मग काय?”

“जे असेल ते. जीव द्यावासा वाटतो का, भाऊजी?”

ताईचा श्वास अडकल्याचे दोघांनाही ऐकू आले. असे शब्द त्या घरात कोणी उच्चारलेले नव्हते. भाऊजी रागावतील, उठून जातील, असे भिंगरीला वाटले. तो खुर्चीच्या कडेवर आला होता. पण भाऊजी बसून राहिले. त्यांनी बुटाच्या नाडीचे एक टोक बोटाला गुंडाळले आणि सोडले.

“तसं ठरवून काही नाही,” ते म्हणाले. “कधीकधी वाटतं, सकाळ झालीच नाही तर बरं.” मग नाडीकडे पाहत, “काल चाक फिरताना मी पाहिलं. पाहिलं, आणि मला माहीत होतं की तू खाली आहेस. हात उचलायचा होता. एवढाच. तो उचलावा असं आतून काही आलंच नाही. वाटलं, काय फरक पडतो. फरक पडतो हे मला पाठ होतं, पण वाटत नव्हतं. तू वर येऊन उभा राहिलास तेव्हा भीती वाटली. तुझी नाही. माझी.”

बाहेर शेजारच्याने गाडी सुरू करायचा प्रयत्न केला; ती तिसऱ्या खेपेला सुरू झाली.

“रात्री मीही जागाच होतो,” भाऊजी पुढे म्हणाले. “मीही शोधतो रे कारण. आई गेली म्हणून म्हणावं, तर सगळ्यांच्याच आया जातात. जागा हुकली म्हणून म्हणावं, तर त्या मॅडम चांगल्या आहेत. मला खरंच राग नाही. मग उरतं काय? मीच नालायक, एवढंच उरतं.”

“नालायक माणसाने अकरा वर्षं मला जिवंत ठेवलं का?” भिंगरी म्हणाला. वाक्य जरा ओरडल्यासारखे निघाले. त्याने फोन काढून टेबलावर ठेवला. “मी आता मॅडमना फोन लावतोय. तुमच्या पाठीमागे करणार नव्हतो, म्हणून इथे आलो.”

“मी नको म्हणालो तर?”

“तरी लावणार.”

भाऊजींनी ताईकडे पाहिले. ती डोळे न पुसता उभी होती. तिने मान हलवली नाही, पण नजरही काढून घेतली नाही.

“लावा मग, मेहुणे,” भाऊजी म्हणाले. हे ‘लावा’ त्यांनी थट्टेने म्हटले की तोडून, ते त्या क्षणी कळायला मार्ग नव्हता.

भिंगरीने फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. त्याने चार वाक्ये सांगितली: काल काय घडले, नियम मोडून किल्ली आपल्याजवळ न ठेवण्याची चूक त्याची स्वतःची होती, भाऊजी आजारी आहेत, आणि आजपासून त्यांना शाफ्टचे काम देऊ नये.

मग मॅडम म्हणाल्या, “तुम्हाला दोघांना इजा नाही ना? ठीक आहे. किल्लीबद्दल तुमच्याशी मला स्वतंत्र बोलावं लागेल. ” मग त्यांनी भाऊजींना विचारले, “तुम्ही बाजूला आहात का हो? तुमची आजारपणाची रजा मी लावते. परत कधी यायचं, ते डॉक्टर सांगतील तेव्हा बघू. मला तुम्ही शाफ्टमध्ये हवे आहात, पण घाईने नको.”

भाऊजींनी वाकून बूट काढले आणि कपाटाखालच्या चपला पायाने पुढे ओढल्या.

*

डॉक्टरीण बाई वयाने लहान होत्या आणि प्रश्न विचारून झाल्यावर उत्तराची वाट पाहत. झोप, भूक, वजन, दारू, कामाचे तास, वडील, आई. त्यांनी सगळे विचारले. मरणाच्या विचारांबद्दलही विचारले, आणि भाऊजींनी टेबलाशी जे सांगितले होते ते पुन्हा सांगितले. दुसऱ्यांदा सांगताना त्यांचा आवाज कमी अडखळला. ताई त्यांच्या बाजूच्या खुर्चीवर होती. भिंगरी दाराशी उभा होता.

“म्हणजे कारण नक्की कोणतं?” भाऊजींनी विचारले.

“आत्ता सांगता येणार नाही. कधीकधी थायरॉइडमुळे असं होतं, ते रक्तात कळेल. तुमची रक्तदाबाची गोळीही मी तपासते. वडिलांना हा त्रास असेल तर तो धोका थोडा वाढवतो. आईचं जाणं, मुलाचं जाणं, झोपेची मोडलेली घडी, यातलं प्रत्येक थोडंथोडं भर घालत असेल. कदाचित एकच एक असं काही सापडणारही नाही.”

“मग उपचार कशावर?”

“तुमच्यावर,” बाई म्हणाल्या. “तो आजच सुरू करायचा. औषधाचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, तोवर दर आठवड्याला मला भेटायचं. घरात तुम्ही एकटे राहायचं नाही. आणि विचार वाढले तर वेळ-काळ न बघता या नंबरावर फोन. तुम्ही करायचा किंवा यांनी.” त्यांनी कागद ताईपुढे सरकवला. “पुढच्या गुरुवारी याल?”

भाऊजी कागदाकडे बराच वेळ पाहत राहिले.

“येईन,” ते म्हणाले. मग उठले आणि रक्त तपासायची खोली कुठे आहे हे कोणालाही न विचारता, भिंतीवरच्या पाट्या वाचत वाचत, तिकडे चालू लागले.